झिपरूच्या नावाची सापसुरळी

झिपरूच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून मरणालाही किळस यावी असं नाव शोधून आईने ते त्याला ठेवलं. मरण फसलं, झिपरू पन्नाशीला पोचला, पण रनाळे गावात त्या नावाला मान काही मिळाला नाही. त्यात बायको शोभाबाई जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. म्हणजे गाव हसत घेई ते नाव घरात कोणी घेतच नसे. ते एकदा तरी मानाने वर यावं, एवढीच बिचाऱ्याची आस होती.

पाली-सरड्यांचा अभ्यास करणारी रंजिता त्याच्या शेतात आली, ती नेमकी मिरची वाळत घातलेल्या पथारीवर थबकली. दगडाखाली एक लालसर सापसुरळी होती. असा रंग तिने कधी पाहिला नव्हता. जात नवी निघाली तर तिला गावाचं, डोंगराचं, अगदी माणसाचंही नाव देतात, असं ती सहज बोलून गेली.

"पोरी, मन्हं दी टाक," झिपरू म्हणाला.

आधी तपासू, म्हणत ती सापसुरळी डब्यात घालून नंदुरबारला गेली. पण झिपरूला दम कुठला! बाजारात तुरी, तशी गत. चहाच्या टपरीवर त्याने पेढे वाटले आणि आता जगभरच्या पुस्तकांत आपणच, असं सांगत सुटला. अहो, तिला तर आपण सापाची मावशी म्हणतो, मावशीचं नाव झिपरू कसं, असं कोणी विचारलं, तर जळणाऱ्यांनी जळावं म्हणाला.

मग रंजिताचा फोन आला. डब्यात पाणी शिंपडल्यावर सापसुरळीची लाली उतरली होती. ती मिरचीची भुकटी होती. खाली निघाली ती नेहमीचीच जात, आणि तिचं बारसं कुण्या साहेबाने केव्हाच उरकलेलं.

गावाला आयतं कोलीत मिळालं. कुठेही सापसुरळी सळसळली की पोरं ओरडत, झिपरू निघाला! झिपरूने टपरीवर जाणं सोडलं. वर काढायला गेलेलं नाव पार दगडाखाली गेलं, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

एका दुपारी शोभाबाईच्या चुलीमागून सापसुरळी निघाली. असल्या प्राण्याला ही बाई अंगणापलीकडे पिटाळून येणारी. तिने झाडू उगारली. शेजारची कौसाबाई हसत म्हणाली, मार, झिपरूच तो.

शोभाबाईचा हात वरच थांबला. तिने झाडू खाली ठेवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बाजूला सरून वाट दिली.

"त्यासवर झाडू कशी उगारू? नाव यासनं शे," ओसरीवरच्या नवऱ्याकडे मान वळवत ती हळूच म्हणाली.

कौसाबाईचं हसू विरलं. तिनेही पाय आवरून घेतले. सापसुरळी दोघींच्या मधून निवांत दाराबाहेर पडली.

ओसरीवर बसलेल्या झिपरूने सगळं पाहिलं होतं. तो उठला, खुंटीवरची टोपी झटकून नीट घातली आणि टपरीवर चहा प्यायला निघाला.