बिनतोंडाची पिशवी

म्हाताऱ्याने एकदा हट्ट धरला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. जन्मभर कोट शिवलेला हा शिंपी आता रुग्णालयाच्या खाटेवर तीन उशांना टेकून बसला होता. चार शब्द बोलला की धाप लागत होती, पण कागदावर सही करायला तयार नव्हता. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलंय, त्याने हृदय दबतंय, ते सुई घालून आजच काढायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

"आणि सुई हृदयात घुसली तर?"

"नाही घुसणार, आजोबा."

"कशावरून? पिशवी बेतलीय कशी, ते दाखवा. शिवण कुठंय?"

शिवणच नसते म्हटल्यावर त्याने तोंड फिरवलं. असल्या थापा गिऱ्हाइकांकडून त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या.

लेक खाटेशीच उभी होती. तीही त्याच धंद्यातली; कोटाला अस्तर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "डॉक्टर, मला नीट सांगा," ती म्हणाली, "मी शिवून आणते."

"तास देते. त्यापुढे मिनिटभरही नाही."

बाईंनी सांगितलं ते असं: सगळ्यात बाहेर जाड, न ताणणारा थर. त्याला आतून चिकटलेला एक पातळ, गुळगुळीत थर. तसाच पातळ थर खुद्द हृदयावर. दोन पातळ थरांच्या मधे एरवी चमचा-दोन चमचे पाणी असतं, म्हणजे धडधडताना घासत नाही. म्हाताऱ्याच्या पिशवीत ते दोन पेले भरलं होतं.

दुकान रस्त्यापलीकडेच होतं. तिने कॅनव्हास घेतला, रेनकोटचं कापड घेतलं, आणि सवयीने कोटासारखंच केलं: वरचं कापड वेगळं, अस्तर वेगळं, हृदयाची छोटी पिशवी वेगळी. वीस मिनिटांत परत. बाईंनी मधे पाणी ओतलं, ते काठावरून सरळ चादरीवर आलं.

"बघा!" म्हाताऱ्याला भर धापेतही आनंद झाला. "तोंड उघडं. पाणी राहील कसं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. ते दोन पातळ थर वेगळे नाहीतच. एकच पिशवी आहे, चहूकडून बंद. हृदय तिच्या आत घातलेलं नाही, बाहेरून तिच्यात दाबलेलं आहे."

लेक बघतच राहिली. पिशवी उलटी शिवायची आणि सुलटी करायला तोंड ठेवायचं, हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. बिनतोंडाची पिशवी तिने आयुष्यात कधी केली नव्हती. पण कशी दिसेल ही, याची उत्सुकता आता तिला भीतीपेक्षा जास्त छळू लागली. ती धावतच गेली. रेनकोटच्या कापडाचे दोन तुकडे, मधे पेलाभर पाणी, आणि कडा गरम इस्त्रीने चहूकडून चिकटवून टाकल्या. बाहेरून कॅनव्हासचा, एका बाजूला उघडा अंगरखा.

खाटेजवळ येऊन तिने त्या फुगीर पिशवीत बाहेरून मूठ दाबली. पाणी बाजूला झालं. पातळ कापड मुठीला लपेटलं, मनगटापाशी उलट वळलं आणि वर जाऊन कॅनव्हासचं अस्तर झालं. एकच कापड!

"अगं बाई," ती म्हणाली, "माझा हात कोरडाच आहे."

म्हातारा उशांवरून पुढे झुकला. त्याने बोटाने ती वळणारी कड चाचपली, दोनदा. "कुणी बेतलं हे?" तो पुटपुटला. मग बाईंपुढे हात पसरला. "द्या ती सुई."

"बाबा, माझी मूठ आहे आत!"

"म्हणूनच. उघडझाप करत राहा. हृदय काय गप्प बसतं?"

ती मूठ उघडू-मिटू लागली. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि हळूच सुई टोचली. "कॅनव्हास," तो म्हणाला. "अस्तर." मग थांबला. "पोकळी." सिरिंजचा दट्ट्या ओढला, नळीत पाणी चढलं. तिला काही टोचलं नव्हतं.

"पाणी दोनच चमचे असतं तर हिला लागलं असतं," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "ज्या पाण्याने तुमचा जीव घुसमटतोय, तेच सुईला जागा देतंय. शिवाय मी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत घालणार."

"डोळे उघडे ठेवून? मग सोपंच की. आणा कागद."

सही वेडीवाकडी झाली. खाट ढकलायला माणसं आली, तेव्हा त्याने लेकीकडे पाहिलं. पिशवी केव्हाच खाली पडली होती आणि तिची रिकामी मूठ अजून हवेत उघडत-मिटत होती.

"आता पुरे, पोरी."

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर येईपर्यंत मला ही मूठ थांबवायची भीती वाटते."