डहाळीवरचा दगड

हणमंतमामाने जीपचं इंजिन बंद केलं की जंगल सुरू व्हायचं. आधी तापलेल्या पत्र्याची टिकटिक, मग तीही निवायची, आणि माघातल्या सागाच्या वाळक्या पानांवरून सरकत येणारा वारा, दूर कुठेतरी बांबू मोडल्याचा आवाज, एखाद्या वानराचं खाकरणं, असं एकेक त्याच्या कानाशी येऊन थांबायचं. मान किंचित कलती, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात स्टिअरिंगवर सैल पडलेला. हुणसूरच्या पुढे नागरहोळेच्या रानात जिथे जिथे वाट फुटते, तिथे तिथे तो असा थांबायचा. चाळीस वर्षं त्याने त्या रानाच्या कडेच्या एका विश्रामगृहाची जीप चालवली आणि वाट कधी चुकला नाही.

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते असं आई सांगायची. मामाच्या वाट्याला त्यातली फक्त ताठ पाठ आली होती. त्याच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की पुण्याकडचे पाहुणे आले की ओठ दाबून हसायचे, आणि मलाही, खरं सांगायचं तर, कानकोंडं व्हायचं. रान त्याला शिकवलं बोम्माने. बोम्मा म्हणजे तिथल्या जेनुकुरुब या रानातल्या जमातीचा वाटाड्या, वनखात्याचा वॉचर, मामाचा जिवाभावाचा सोबती. पुढच्या वाटेला हत्ती असले की त्या वाटेच्या तोंडावर एक हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागून पायी येणारा समजतो की इकडून नको, दुसऱ्या फाट्याने जा, ही बोम्माच्या लोकांची रीत. मामाने तिच्यात आपली एक भर घातली होती. डहाळीच्या तुटक्या टोकावर तो दगड ठेवायचा, वाऱ्याने हलू नये म्हणून. दगडाशिवाय त्याने कधी डहाळी टाकली नाही, आणि हे तो आमच्या घरी आला की आम्हा मुलांना कौतुकाने सांगायचा.

आता त्या दिवसाचं सांगते. आमच्या ऑफिसातल्या पाचजणांनी रानातल्या रस्त्याकडेचं प्लास्टिक गोळा करायचं ठरवलं, रीतसर परवानगी काढली, आणि जीपची सोय मी केली. चालक माझा मामा आहे हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. वरिष्ठ नुकतेच बदलून आलेले होते, बाकीचे फर्डं इंग्रजी बोलणारे, आणि मामाच्या शर्टाची कॉलर विरलेली होती. एवढंच कारण, याहून मोठं काही नाही. मी जीपजवळ गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या चौघांकडे पाहिलं, आणि दार उघडत म्हणाला, "बसा, मॅडम." मी काही सांगण्याआधीच त्याला सगळं कळलं होतं. दिवसभर तो मला मॅडम म्हणत राहिला आणि दिवसभर मी ते ऐकून घेतलं.

परतताना जीप पोत्यांनी भरली, म्हणून बोम्मा उरलेला कचरा वेचत मागून पायी येणार होता. एका फाट्यावर मामा थांबला. डावीकडची वाट मोठी, उजवीकडची अरुंद आणि जवळची. पळसाच्या फांद्यांमधून उतरलेलं उन्हाचं केशरी तांबूसपण रस्त्यावर पसरलं होतं आणि त्यात हत्तींची ताजी लीद वाफाळत होती. त्याने ऐकलं, उतरला, उजव्या वाटेवर डहाळी टाकली, दगड ठेवला, आणि गाडीत घालायला पाणी आणतो म्हणून शेजारच्या ओढ्याकडे गेला. आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. वरिष्ठांनी हसत विचारलं, आपला ड्रायव्हर प्रत्येक फाट्यावर पूजा घालतो की काय. सगळे हसले. त्या हसण्यात मला सामील व्हायचं होतं. आपण रस्ता साफ करायलाच आलोय ना, असं म्हणत मी चपलेने तो दगड कडेच्या गवतात सारला, डहाळी उचलली आणि घाणेरीच्या जाळीत भिरकावली. पुन्हा हशा झाला. मामा आला, डाव्या वाटेने आम्हाला घेऊन निघाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण ठेवलेली गोष्ट पुन्हा पाहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

बोम्मा त्या फाट्याशी आला तेव्हा वाट मोकळी होती. तो उजवीकडे वळला. वळणापलीकडे पिल्लू घेऊन हत्तीण उभी होती. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यानंतर तो कायमचा लंगडत राहिला.

मामा रोज म्हैसूरच्या इस्पितळात त्याच्या उशाशी डबा घेऊन बसायचा. बोम्मा म्हणायचा, राव, तुम्ही विसरणार नाही, वाऱ्याने उडाली असेल. मामा मान हलवायचा. वाऱ्याने डहाळी उडेल, दगड कसा उडेल? दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन पाहून आला होता. वाटेवर ना डहाळी, ना दगड. म्हणजे आपण ठेवलीच नाही. ठेवल्याचं आठवतं ते मनाचे खेळ. त्याचा काटेकोरपणाच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला, आणि मी त्याच खोलीत मोसंबी सोलत बसले होते. तोंड उघडलं असतं तर ते एकच वाक्य होतं. मी बोम्माला फोडी दिल्या, मामाला दिल्या, आणि ऑफिसला उशीर होतो म्हणून उठले.

विश्रामगृहाने त्याला काढलं नाही. त्यानेच किल्ल्या परत केल्या आणि म्हैसुरात आमच्या कुवेंपुनगरच्या घरी राहायला आला. ज्याला रानातला प्रत्येक ओढा, उतार आणि मुंग्यांचं वारूळ पाठ होतं, तो माणूस आमच्या एकसारख्या दिसणाऱ्या 'क्रॉस' आणि 'मेन' रस्त्यांमध्ये दूध आणायला निघाला की तळहातावर घराचा नंबर लिहून घ्यायचा. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे तो आईला तीनतीनदा विचारायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि काहीच दोष नाही म्हणाले. आई म्हणायची, वय झालं. मीही म्हणायचे, वय झालं. श्रावणात ऊन-सावली अंगणात आत-बाहेर करायची आणि तो पायरीवर बसून आपल्याच हातांकडे बघत राहायचा, जणू ते उसने आणलेत. त्याच्या कानावर आता रिक्षा, बसचे हॉर्न, शेजारचा टीव्ही असं काय काय आदळायचं, पण तो मान कलती करून काहीच ऐकायचा नाही.

दोन वर्षं मी हे पाहिलं. मग एका दुपारी, आई नजरबादला बहिणीकडे गेली असताना, त्याच्याशेजारी पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. दगड कसा सारला, डहाळी कुठे टाकली, कोण काय बोललं, आणि मी का हसले तेही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सुम्ने, उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगतीस तू, पुट्टी."

मी म्हटलं, नाही मामा, शपथ, दगड चपटा होता, काळसर होता. तो हसला. "दगडाचं मीच सांगितलं की गं घरात, सतरा वेळा. तुझ्या आईवर गेलीस बघ. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतीस."

त्या दिवशी तिथे असलेले चौघे माझ्या फोनमध्ये होते. एकालाही लावला असता तर त्याने साक्ष दिली असती. पण त्याआधी मला सांगावं लागलं असतं की तो ड्रायव्हर माझा मामा. माझं बोट फोनवर गेलं आणि तिथून परत आलं. त्याचा हात अजून माझ्या डोक्यावर होता आणि मी तो तसाच राहू दिला. पुढच्या थंडीत तो गेला, आपण म्हातारपणी सोबत्याचा घात केला असं मानून, आणि आपली भाची मनाची फार मोठी आहे असं आईला सांगून.

लोक म्हणतात, काळ गेला की आठवण पुसट होते. माझी नाही झाली; पुसट झाली ती त्याची, जी खरी होती, आणि तीही माझ्यामुळे. खरं बोलायची एक वेळ असते, ती टाळली की तेच शब्द ऐकणाऱ्याला दया वाटतात, आणि मग तो त्याबद्दल आशीर्वाद देऊन निघून जातो, आणि तो आशीर्वाद ज्याला परत करावा असं मागे कुणीच उरत नाही.