उत्तर देणारा भोपळा

माझं हृदय छातीत मावेना, तेव्हा डॉक्टरांनी ते काढून माझ्या मांडीवर ठेवलं. चांगलं घागरीएवढं झालं होतं.

"टीबी आहे," ते म्हणाले.

"तो फुफ्फुसात होतो ना?"

"तुमचा हृदयाच्या स्नायूत जाऊन बसलाय, म्हणून ही सूज. रोज उपाशीपोटी चार गोळ्या. सूज पूर्ण उतरली की परत बसवू. पण एक दिवस जरी चुकवलात, तर हे पुन्हा फुगेल. मग बसवायला तुम्ही उरणार नाही."

"तोवर ठेवू कुठं?"

"कोरड्या, हवेशीर जागी."

मिरजेत आमचा तंबोऱ्यांचा कारखाना आहे. कोरडी, हवेशीर जागा म्हणजे माळा, जिथं भोपळे सुकायला टांगतो. मी हृदय सुतळीनं बांधून त्यांच्यातच टांगलं. वर चिठ्ठी लावायला हवी होती. पण स्वतःच्या हृदयावर नाव काय लिहायचं, म्हणून लाजलो.

माझे चुलते दस्तगीरचाचा भोपळा निवडताना बोटानं टकटक करतात आणि कान लावतात. गुरुवारी त्यांनी माळ्यावरचे शंभर भोपळे वाजवले. एकानं आतून टकटक केली.

मी तेव्हा दवाखान्यात औषधाचं कार्ड आणायला गेलो होतो. वाटेत दोनदा जोराची उचकी लागली. घरी आलो तर हृदयाच्या तोंडावर लाकडी तबली बसली होती, दांडी जोडली होती आणि चाचा चौथी तार चढवत होते.

"चाचा, ते माझं हृदय आहे."

"आसंल. चाळीस वर्सांत आसला भोपळा हाताला लागला न्हाई. आवाज तर ऐक."

आवाज पेटीच्या पांढरी एक पट्टीचा होता, भरदार. मला राग आला आणि, खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवसापासून आरोग्यसेविका वैजयंताताई सकाळी सातला येऊ लागल्या. त्या समोर बसून गोळी गिळायला लावायच्या, जीभ वर करून बघायच्या आणि कार्डावर खूण करायच्या. दर गोळीला तंबोरा बोटभर आक्रसायचा आणि अर्ध्या सुरानं चढायचा. चाचांनी खुंट्या पिळून पाहिल्या, पण तो कुणाचं ऐकेना.

शनिवारी आठव्या गोळीला तो बरोबर काळी चारवर आला. नेमक्या तेव्हाच धारवाडच्या गायिका नीलांबिकाबाई तंबोरा निवडायला येऊन दारात उभ्या होत्या. काळी चार ही त्यांची पट्टी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याची मैफल याच्यावरच," त्या म्हणाल्या.

रविवारी पहाटेच चाचांनी मला मागच्या दारानं बाहेर काढलं.

"आज गोळी घेऊ नगंस. बाईंची पट्टी मोडंल. कारखान्याच्या नावाचा प्रश्न हाय."

"आणि माझं काय?"

"तू तर घरचाच हायस की."

दिवसभर मी उपाशी हिंडलो. संध्याकाळी सभागृहात पहिल्या रांगेत बसलो, तेव्हा हातपाय गार पडले होते. मला भीती वाटत होती. मला जगायचं होतं, आणि बाई फार सुंदर गात होत्या.

शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी पाण्याचं तांब्याभांडं ठेवलं. वैजयंताताई होत्या.

"दिवस अजून संपला नाही," त्या म्हणाल्या. "आ करा."

मी पहिली गोळी गिळली. तंबोरा पांढरी सहावर गेला. बाईंनी डोळे न उघडता सूर तिथं नेला. लोकांनी वाहवा केली.

दुसरी गिळली. काळी पाच. बाई मांडी मोडून उभ्या राहिल्या.

तिसरीला पांढरी सात झाली. बाईंनी टाचा उचलल्या. मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर सगळं सभागृह चवड्यांवर उभं होतं. त्यांत एकटे चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात जोडले.

"बाबालाल, पुरं कर बाबा. बाईंच्या गळ्याचं काही व्हईल."

"तीन गोळ्यांवर मी खूण करत नाही," ताई म्हणाल्या. "गिळा."

बाईंनी डोळे उघडले. सूर न सोडता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मी चौथी गोळी जिभेवर ठेवली. स्टेजवरच्या तंबोऱ्यानं आतून टकटक केली.