बाबांच्या मापाची गाडी

महिनाभरात जुन्या डिझेल गाडीच्या सत्तेचाळीस फेऱ्या झाल्या. एकेचाळीस दहा किलोमीटरच्या आतल्या, पाच तीसच्या आतल्या आणि एक लांबची, शहाण्णवची. बाबा त्यांतल्या एकाही फेरीत नव्हते. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तिच्या ठेंगण्या सीटवर बसता येईना. दोघांनी धरून बसवायला गेलं की म्हणायचे, "मी काय सिमेंटचं पोतं आहे?" आणि घरीच राहायचे. पाच महिने झाले होते.

गाडी बदलायची ठरली तेव्हा धाकटीने तक्ता केला: किंमत, किलोमीटरमागे खर्च, किलोमीटरमागे धूर. दादाच्या डोक्यात मात्र सात सीटची गाडी बसली होती.

"आपण चौघं," धाकटी म्हणाली. "उरलेले तिघं भाड्याने आणणार का?"

"पाहुणे आले तर?"

"पाहुणे त्यांच्या गाडीने येतात," आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "आणि आपल्या दारात आडवी लावतात."

तक्त्यात नवी, बुटकी विजेची गाडी पहिली आली. खिशाला चिमटा बसणार होता, पण परवडत होती. पैसे भरण्याआधी धाकटीने तक्ता कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी हात पुसले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि सगळे रकाने वाचले.

"बॅटरी मोजलीस, धूर मोजलास. बापाला मोजलंस का, पोरी?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. ती घरी आली आणि टेप घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी बसली. याच खुर्चीतून ते एकटे उठत. बैठकीची उंची बावन्न सेंटीमीटर. बुटक्या गाडीची सीट भरली चव्वेचाळीस.

मिस्त्रीकाकांच्या एका गिऱ्हाइकाला चार वर्षं वापरलेली विजेची गाडी विकायची होती. किंमत नवीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, सीट सत्तावन्न सेंटीमीटर उंच.

"रंग उडालाय," दादा कुरकुरला.

"रंगावर बसायचं नाहीये तुला," काका म्हणाले.

अख्खा रविवार त्यांनी त्या गाडीखाली घालवला. बॅटरीची ताकद अजून अठ्ठ्याऐंशी टक्के होती. एका चार्जमध्ये एकशे साठ किलोमीटर सहज निघत होते. धाकटी तपासणीचे पैसे द्यायला गेली, तर त्यांनी तिची मूठ तशीच मिटवली.

"माझी मुलगी तीन वर्षं तुमच्या गाडीने शाळेत गेली. तुझ्या बाबांनी डिझेलचा 'ड' तरी काढला का कधी?"

धाकटीला हे ठाऊकच नव्हतं. ती आभार मानू लागली. काका पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घालून बसले.

गाडी दाराशी आली तेव्हा बाबा काठी टेकत बाहेर आले. दादा पुढे झाला.

"लांब हो."

ते पाठमोरे झाले, टेकले, एक पाय आत घेतला, मग दुसरा. धाकटीने मोबाइलवरचं स्टॉपवॉच थांबवलं.

एकोणीस सेकंद, कुणाचाही हात न लागता.