आठवं भाकीत

डेल्मारने फूटपट्टीला टेकवून काचेवर कटर ओढला, काच टेबलाच्या कडेशी आणली आणि हलकेच दाबली. टक् असा आवाज झाला आणि दोन बोटं रुंदीची पट्टी त्याच्या हातात आली. या कामासाठी तो जुन्या फोटोफ्रेमच्या काचा जपून ठेवत असे. गेल्या आठवड्यात त्याने सासूबाईंच्या फोटोची फ्रेम खोलली होती, तेव्हापासून सासूबाई ड्रॉवरमध्ये नुसत्याच पडून होत्या.

"आज किती?" टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टाइप करत बसलेल्या त्याच्या बायकोने, व्हर्नाने, विचारलं.

"सहा. जानेवारीत लावलेल्यांपैकी चार गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"तुटल्या, व्हर्ना. काच आणखी काय करणार?"

खाडीकाठच्या, खांबांवर उभ्या रस्त्याला पोर्ट हॅलममध्ये सगळे नुसतं 'दुमजली' म्हणत. वरच्या मजल्यावरून गाड्या उत्तरेला जायच्या, खालच्यावरून दक्षिणेला, आणि त्याच्याही खाली मासळीबाजार आणि बोटींचा धक्का. सहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात तो पडला नाही, एवढंच काय ते त्याच्या बाजूने बोलता येत होतं. त्यानंतर नगरपालिकेने नियम केला: दर तीन महिन्यांनी तपासनीस खांबांखाली उतरेल आणि रस्ता वापरण्याजोगा आहे असं लिहून सही करेल. सही नसेल तर जुन्या सहीची मुदत संपते त्या दिवशी रस्ता बंद. तपासनीस म्हणजे डेल्मार ऑस्टगार्ड. खात्याने खांबांवर मीटर बसवले होते, तरी तो स्वतःच्या काचेच्या पट्ट्या प्लास्टरने भेगांवर चिकटवत असे. भेग हलली की काच तुटायची. त्याला निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि त्यांची मुलगी मारित बसड्रायव्हर होती. दिवसातून आठ वेळा ती खालच्या मजल्यावरून जायची.

मार्चमध्ये मतदान होतं. प्रश्न दोन होते. दुमजली पाडून त्याजागी बोगदा हवा का, हो की नाही. नवा उंच रस्ता, म्हणजे पूल, हवा का, हो की नाही. कुठल्याही एकाला 'हो' मिळालं असतं तर पाडकामाची तारीख ठरली असती, आणि डेल्मारला तेवढंच हवं होतं. बोगदा की पूल, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

"ऐक," व्हर्ना म्हणाली आणि तिने चष्मा कपाळावर सरकवला. एकोणीस वर्षं ती गावाच्या साप्ताहिकात भाकितांचं सदर लिहीत होती आणि प्रत्येक वेळी ते आधी नवऱ्याला वाचून दाखवत होती. "भाकीत पहिलं. लोक बोगद्याला नाही म्हणतील, कारण तो महाग आहे. भाकीत दुसरं. लोक पुलाला नाही म्हणतील, कारण तो कुरूप आहे. भाकीत तिसरं. नाकारलेल्या दोन्ही गोष्टींचा अभ्यास करायला समिती नेमली जाईल, आणि तिच्या पहिल्या बैठकीला सगळे उशिरा पोचतील, कारण दुमजलीवर गर्दी असेल."

डेल्मार हसला. त्याने काचेची धार सँडपेपरवर घासली.

"चौथं. महापौर बोगद्यावरच्या बागेचं चित्र दाखवतील. चित्रात फुगे असतील, कुत्री असतील, आइस्क्रीम असेल. गाडी एकाकडेही नसेल. पाचवं. दुमजलीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळेल आणि त्याला हात लावणं गुन्हा ठरेल."

"हे होईलच," डेल्मार म्हणाला. "पुढे?"

सहावं आणि सातवं ठीकठाक होतं. आठव्यापाशी ती जरा थांबली. ते तिला सकाळी भांडी घासताना सुचलं होतं आणि सुचल्यासुचल्या ती एकटीच हसली होती.

"आठवं. दर तीन महिन्यांनी एक सज्जन गृहस्थ दुमजलीखाली जाईल, भेगेकडे बघेल, मान हलवेल आणि सही करेल. दुमजली पडेल त्या दिवशी त्याच्या सहीची शाई अजून ओलीच असेल."

डेल्मार हसला, पण क्षणभर उशिरा.

"लागलं का रे तुला?"

"कशाला लागेल? खरंच तर आहे. छाप."

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते वाक्य सगळ्यांत झकास उतरलं होतं, आणि दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित काढावं लागलं असतं. तिला ते काढायचं नव्हतं, इतकं सरळ होतं ते.

अंक गुरुवारी निघाला. संपादक गिल प्रुएटने फोन करून सांगितलं की गेल्या दहा वर्षांत एवढी पत्रं आली नव्हती. बेकरीवाल्याने सदर कापून काउंटरमागे चिकटवलं. डेल्मारच्या ऑफिसात कोणीतरी आठवं भाकीत मोठ्याने वाचलं, आणि शुक्रवारी सहकाऱ्यांनी त्याला हातभर लांबीचं एक पेन भेट दिलं, जत्रेत मिळतात तसलं, रिबिन बांधून. डेल्मारने ते घरी आणलं आणि फ्रिजवर आडवं ठेवलं.

"मस्त आहे ना?" तो म्हणाला.

"त्यांना कामधंदा नाही," व्हर्ना म्हणाली. मनातून मात्र तिला बरं वाटलं होतं.

मतपत्रिका टपालाने आल्या. त्या भागात मतदान केंद्र वगैरे भानगड राहिली नव्हती. घरी बसून खुणा करायच्या, पत्रिका पाकिटात घालायची, बाहेर सही करायची आणि पेटीत टाकायची. बाहेरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघत, तिच्याशिवाय पाकीट उघडत नसत. व्हर्नाने रविवारी नाश्त्याच्या टेबलावरच पुलाच्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली. डेल्मार आपली पत्रिका घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. ती कॉफी घेऊन गेली तेव्हा पाकीट चिकटवून झालं होतं, उलटं ठेवलेलं होतं, आणि तो प्लास्टरची बादली खरवडत होता.

"एवढा वेळ? दोनच तर प्रश्न आहेत."

"दोनच आहेत," तो म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी आकडे आले. बोगदा सपशेल आपटला. पुलाचा ठरावही पडला, थोड्या फरकाने, पण पडलाच. टीव्हीवर महापौर म्हणत होते की जनतेने स्पष्ट कौल दिला आहे आणि तो काय आहे हे समजून घेण्यासाठी एक समिती नेमली जाईल. व्हर्ना फस्सकन हसली. मग तिने डेल्मारकडे बघितलं. तो उठला, त्याने टीव्ही बंद केला आणि बूट काढून दाराशी नीट ओळीने ठेवले.

बुधवारी सकाळी शेजारची हेझल ब्येर्के बटाट्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन आली. या पोळ्या, लेफ्से, ती एरवी ख्रिसमसलाच करायची. वय ऐंशी, पण पायऱ्या अशी चढली की जणू तीच निवडून आली होती.

"व्हर्ना, अगं, तुझी भाकितं तर सगळी खरी ठरली की! समितीसुद्धा!"

"त्यात काय, हेझल. न ठरायला काय झालं होतं."

"मी दोन्हीकडे 'नाही' ठोकलं. आमच्या चर्चमधल्या सगळ्याजणींनी. म्हटलं, आपल्या व्हर्नाचं भाकीत खोटं पडता कामा नये." तिने डबा ओट्यावर ठेवला. "तसा मला पूल आवडला असता. खिडकीतून दिसला असता ना. पण तुझं ते वाचून इतकी हसले, इतकी हसले!"

"किती जणी आहात तुम्ही?"

"चर्चमध्ये? चाळीसेक. पण तिथूनच सगळीकडे गेलं गं ते. माझ्या भाच्याने फॅक्टरीत वाचून दाखवलं."

व्हर्नाने डबा उघडला, बंद केला आणि पुन्हा उघडला. गावाने तिचं ऐकावं अशी तिची एकोणीस वर्षांची इच्छा होती. मागे एकदा शाळेच्या छपरासाठी तिने जीव तोडून लिहिलं होतं, तेव्हा कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. हेझल गेल्यावर तिने पेपर टेबलावर पसरला. पूल किती मतांनी पडला होता ते तिने पुन्हा बघितलं. मतं चाळिसांपेक्षा खूप जास्त होती. तरी तिला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी पत्रपेटीत डेल्मारच्या नावाने निवडणूक कार्यालयाचं पत्र होतं. आपल्या पाकिटावर सही नसल्यामुळे आपलं मत मोजलेलं नाही. सोबतच्या कागदावर सही करून निकाल पक्का होण्याआधी पाठवल्यास ते मोजलं जाईल.

तिने ते दोनदा वाचलं. कोणाच्याही हातून होईल अशी चूक होती. पण डेल्मार गॅस कंपनीच्या माणसाच्या पावतीवरसुद्धा पूर्ण नाव घालून, तारीख टाकून सही करायचा.

तो स्वयंपाकघरात टेबलाशी होता. सकाळी खांबांखाली जाऊन आला होता आणि नखांत अजून प्लास्टर होतं. समोर तिमाही अहवाल होता, नेहमीचा, चार पानी. शेजारी रुमालावर काचेचे तुकडे मांडले होते.

"सहाच्या सहा?" तिने विचारलं.

"सहाच्या सहा. महिनाभरही टिकल्या नाहीत."

"मीटर काय म्हणतात?"

"मीटर म्हणतात, मर्यादेत आहे. मर्यादा गेल्या वर्षी वाढवली ना."

तिने पत्र त्याच्यापुढे ठेवलं. "पाकिटावर सही विसरलास तू."

"विसरलो नाही. पेन घेऊन बसलो होतो. हात पुढे जाईना." त्याने तुकडे रुमालात गोळा केले. "सही करायला लागलं की तुझं ते आठवायचं. शाई ओली असेल म्हणून."

"डेल, अरे, विनोद होता तो."

"माहीत आहे मला. चांगला होता. मी बावीस वर्षं खांब तपासतोय आणि मला ते एका ओळीत सांगता आलं नाही कधी."

त्याच्या आवाजात कडवटपणा असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. तसा तो नव्हता. ती खुर्ची ओढून बसली. त्या सकाळी भांडी घासताना आपण कोणाला हसत होतो, हे तिला आता कळलं, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

डेल्मारने निवडणूक कार्यालयाचा कागद पुढे ओढला. खिशातलं पेन काढलं, पूर्ण नाव घातलं, तारीख टाकली. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं. तिने सुटकेचा श्वास घेतला, कागद घडी करून पाकिटात घातला आणि अहवालाचं शेवटचं पान उलटून त्याच्यापुढे सरकवलं. सहीची जागा कोरी होती. पाच वाजता ऑफिस बंद होत होतं आणि चार वाजत आले होते.

त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

"डेल."

"मुदत आज रात्री संपते."

"आठ महिने राहिलेत तुझे. घरी बसवतील तुला."

"बसवू देत."

"आणि मग? दुसऱ्या कोणाची तरी सही घेतील."

"सोमवारपर्यंत घेतील. तो नवा पोरगा आहे ना, रँडल. बायको बाळंतीण आहे त्याची, नाही म्हणणार नाही." त्याने रुमालाला गाठ मारली. "शनिवार-रविवार तरी खाली कोणी नसेल."

ओट्यावरचा फोन वाजला. गिल प्रुएट होता, आणि भलताच खूश होता.

"व्हर्ना, पुढच्या अंकाचं काय? लोक विचारतायत, दुमजलीचं आता काय होणार. पाचच भाकितं दे. बरं, एक दे. पहिल्या पानावर टाकतो."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच व्हर्नाला खरोखर माहीत होतं की उद्या सकाळी काय होणार आहे. सोमवारी काय होणार आहे, तेही.

"काही सुचत नाही रे, गिल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि मारितचा नंबर फिरवला. मारित डेपोत होती, मागे इंजिनांचा आवाज होता.

"मारित, उद्या घरातून अर्धा तास लवकर निघ. गाड्या गावातल्या गल्ल्यांतून वळवतील."

"का गं? पुन्हा भाकीत का, आई?"

"नाही."

मारित हसायची थांबली. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत." व्हर्नाने वळून बघितलं. डेल्मारने ड्रॉवर उघडून लग्नातल्या फोटोची फ्रेम काढली होती आणि तो मागचे खिळे एकेक करून उपसत होता. "आणि हे बघ, सोमवारी रजा टाक."

"सोमवारी? एका दिवसाची?"

फोटो बाजूला काढून त्याने काच उजेडाकडे धरली, दोन्ही बाजूंनी पुसली आणि टेबलावर आडवी ठेवली.

"सांगते," व्हर्ना म्हणाली. "तू आधी टाक तर."