चिन्नीचं पथ्य

"अम्मा, तेल-घी बिल्कुल नक्को. बिस्किटां तो छूने बी नक्को," जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चिन्नीच्या पोटावर हळूच बोटं दाबली. ती टेबलावर अंग चोरून कण्हली. तिच्या स्वादुपिंडाला पुन्हा सूज आली होती. "पिछली बार बी समझाया था मैं. अब फिर हुआ तो मेरे हाथ में कुच नई रहता."

सरुबाईंनी मान खाली घातली. निवृत्त होईपर्यंत त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. पेशंटचं पथ्य समजावून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. नातेवाइकांचे डबे उघडून बघायच्या, लोणचं दिसलं की परत पाठवायच्या. वॉर्डात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही.

डॉक्टरांनी दिलेलं पाकिटातलं खाणं चिन्नीनं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग त्यांनीच सुचवल्याप्रमाणे सरुबाईंनी घरी शिजवायला घेतलं. कातडी काढलेली कोंबडी, मऊ भात, लाल भोपळा. मीठ नाही, फोडणी नाही. थोडं थोडं, पण बऱ्याचदा.

अडचण चिन्नीची नव्हतीच. अडचण त्यांच्या नवऱ्याची, नागोरावांची होती.

नागोराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी दिलसुखनगरच्या एका गल्लीत, उघड्या चरात पडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू त्यांनी हत्यारांच्या पिशवीत घालून घरी आणलं होतं. आता त्यांना त्या गल्ल्या आठवत नव्हत्या, नोकरी आठवत नव्हती. चिन्नीला खाऊ घातल्याचंही आठवत नव्हतं. डब्यातली तुपाची पोळी घेऊन ते पुन्हा पुन्हा तिच्यापुढे बसायचे.

"अहो, आत्ताच खाल्लीय की ती!"

"खोटं बोलायलीस. पोट बघ तिचं, पाठीला लागलंय."

चिन्नीचं पोट घागरीसारखं होतं. पण नागोराव चिन्नीकडे बघत नसावेत, असं सरुबाईंना वाटायचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची आणि धाकट्या बहिणीला सांभाळत ते झाडाखाली बसायचे. ती बहीण त्यांच्या मांडीवरच गेली. लग्नानंतर त्यांनी हे एकदाच सांगितलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं.

सरुबाईंनी डबे कपाटात कोंडले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, साहेबांना बिस्किटं देऊ नका, म्हणून सांगून ठेवलं. तरी चिन्नी तेलकट ओकतच होती.

एका दुपारी त्या पडद्याआड उभ्या राहिल्या. नागोरावांनी आपल्या पुढ्यातली भाकरी, कालवण, सगळं कुस्करलं. ताट उचलून खाटेखाली सरकवलं. चिन्नी चाटूनपुसून खाईपर्यंत ते वाकून बघत राहिले. मग रिकामं ताट पुढ्यात ओढून मोठ्यानं म्हणाले, "झालं माझं. पोट भरलं."

त्यांचा सदरा अंगावर का लोंबायला लागलाय, ते सरुबाईंना तेव्हा कळलं.

संध्याकाळी बँकेतून आल्यावर मुलीनं, दीक्षानं ऐकून घेतलं. "आई, चिन्नीला थोडे दिवस माझ्या मैत्रिणीकडे ठेवू. ती नीट सांभाळेल. बाबा इकडे जेवतील तरी."

चिन्नीला नेलं. नागोराव जेवले नाहीत. कुणाला शोधतोय हे त्यांना सांगता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ते ताट घेऊन घराबाहेर पडले आणि मोठ्या रस्त्यावर कोपऱ्यावरच्या एका ऑटोवाल्याला सापडले. त्यानं त्यांना घरी आणून सोडलं. "अम्मा, ट्रॅफिक के बीच में खाना लेके खडे थे," तो म्हणाला. ताटातला भात तसाच होता.

त्याच संध्याकाळी दीक्षा चिन्नीला परत घेऊन आली. दारातच तिला रडू फुटलं. "मग करायचं तरी काय गं?"

"मला कुठं माहीत," सरुबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत वॉर्डात हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरात एकच स्वयंपाक केला. कोंबडी, भात, भोपळा. तिघांना आणि चिन्नीला तेच. ताटातलं कुणाच्याही पोटात गेलं तरी अपाय नव्हता. चिन्नीचा वाटा त्या थोडा थोडा नागोरावांच्याच हातात द्यायच्या. ते तिला भरवत असताना मधेच एखादा घास त्यांच्या तोंडात सरकवायच्या. कधी ते गिळायचे, कधी काढून चिन्नीला द्यायचे. काही दिवस बरे गेले. दीक्षा निमूटपणे अळणी जेवून ऑफिसला जायची.

तरी चिन्नी तब्येतीनं उतरलीच. डॉक्टरांनी सलाइन लावलं, औषध बदललं. "आप सब बराबर करे, अम्मा," ते म्हणाले. "उमर बी हो गई ना इसकी." सरुबाईंना हा स्वर ओळखीचा होता. त्यांनीही तो अनेकांपुढे वापरला होता.

त्या दिवशी चिन्नीनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. पोत्यावर पडून ती भिंतीकडे बघत होती. नागोरावांनी घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान वळवली. ते थांबले, पुन्हा नेला. मग हात तसाच धरून खोलीभर बघू लागले.

दाराजवळ सरुबाई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यानंही सकाळपासून काही खाववलं नव्हतं.

नागोराव गुडघ्यावर हात देऊन उठले आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. बराच वेळ चेहऱ्याकडे बघत राहिले.

"कुणाच्या तुम्ही, बाई? कव्हापासून बसल्यात हितं?"



"जेवल्या नाहीत जणू," ते स्वतःशीच म्हणाले आणि तो घास त्यांच्या ओठांशी आणला.

सरुबाईंनी तोंड उघडलं. भात गार झाला होता.

"हळू खा," नागोराव म्हणाले. "अजून हाय."