काटा मी वाचते

आमच्या गॅरेजात काटा मी वाचते. जुन्या डिझेल गाडीचं टायमिंग, म्हणजे इंजिनात डिझेल नेमकं कधी पडावं ते, लावायचं तर दोन माणसं लागतात. एक डिझेलचा पंप सैल करून हातानं वळवणारा आणि दुसरा पंपाच्या मागे लावलेल्या डायलवर डोळा ठेवणारा. वळवतात आमचे हे. मी आकडा सांगत जाते, हवा तो आकडा आला की यांचा हात थांबतो. बावीस वर्षं हेच चाललंय. लग्न झालं तेव्हा मला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता, आता गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत गाडीचं दुखणं सांगते. त्यावर हे म्हणायचे, "नवऱ्याचं दुखणं तेवढं हिला कळत नाही."

कळतं हो. सगळं कळतं. वर्षभर झालं, यांना आठवत नाही. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. गेल्या महिन्यात पंपाचे बोल्ट आवळायचेच राहिले आणि गाडी दोरीला बांधून परत आली. जागेत अर्धा वाटा धाकट्या दिरांचा. त्यांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, अजून एक गाडी परत आली की मी शटर ओढणार. दादाच्या हातून कुणाचा जीव जायला नको." भाऊजींचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. हे घरी बसले तर चार महिन्यांत संपतील, हे मला लख्ख दिसत होतं.

परवा सकाळी एक टॅक्सीवाला आला. त्याला आम्ही 'निघालोच' म्हणतो, कारण तो फोनवर "निघालोच" म्हणतो आणि दोन तासांनी उगवतो. पंपाचं सील बदलून झालं होतं, टायमिंग तेवढं राहिलं होतं. यांनी क्रँक फिरवून खुणेवर आणला, डायल बसवला, बोल्ट सैल केले. तिथवर हात कसे सरसर चालले. मग म्हणाले, "सत्तरवर लावायचंय."

या इंजिनाला पंच्याण्णव लागतं. हा आकडा शंभर वेळा तरी माझ्याच तोंडून गेलाय. सत्तरवर ठेवलं तर डिझेल उशिरा पडतं, गाडी पांढरा धूर ओकते आणि चढावर मान टाकते. म्हणजे आठवड्याभरात निघालोच परत दारात आणि मागोमाग भाऊजी.

"पंच्याण्णव ना हो?" मी हळूच विचारलं.

"आता तू शिकव मला." निघालोचकडे बघून हे हसले. "बघ रे, तुझी वहिनी उस्ताद झाली. सत्तर म्हणजे सत्तर."

आकडे वहीत लिहून ठेवा म्हणून मी किती डोकं फोडलं होतं. डोक्यात असताना वही कशाला, हा यांचा तोरा. आणि गिऱ्हाइकासमोर वाद घातला असता तर दुपारपर्यंत अख्ख्या टॅक्सी स्टँडला कळलं असतं. मी निमूट डायलवर वाकले. काटा साठवर होता.

"पस्तीस," मी म्हणाले.

यांनी पंप किंचित वळवला. काटा पंच्याऐंशीवर गेला.

"साठ."

अजून जरासा. काटा पंच्याण्णववर आला आणि मी म्हणाले, "सत्तर." हात जागच्या जागी थांबला. यांनी बोल्ट आवळले, मीही मागून एकदा पाना लावून पाहिला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. निघालोच खूष होऊन गेला. मला वाटलं, सुटले बाई.

हे मात्र तिथेच उभे होते. चिंधीनं पुसलेलेच हात परत पुसत होते.

"ही गाडी सत्तरवर नव्हती. सत्तरवर आवाज मऊ येतो. मी काही बहिरा झालेलो नाही. काटा कितीवर होता?"

"पंच्याण्णव."

"लागतं किती?"

"पंच्याण्णवच."

हे स्टुलावर बसले. मला वाटलं आता ओरडतील, पाना फेकतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे आकडा गेला माझ्या डोक्यातून," म्हणाले.

"गेला तर जाऊ द्या. माझ्या डोक्यात आहेत सगळे. मी सांगत जाईन."

"विसरतो ते मला माहीत आहे गं. भाऊ तुला काय म्हणाला तेही माहीत आहे, मी भिंतीपलीकडेच होतो. पण मी कधी वर मान करून काटा बघितला? तू म्हणालीस की हात थांबायचा. माझं तेवढं एक पक्कं होतं."

मला रडू कोसळलं. हेच माझी समजूत घालायला लागले, म्हणाले, तू माझ्यासाठीच केलंस. ते खरं होतं आणि त्याचा दोघांनाही काही उपयोग नव्हता.

आज सकाळी दुसरी गाडी आली. कितीवर लावायचं ते मीच सांगितलं, यांनी मान हलवली. बोल्ट सैल केले, पंपावर हात ठेवला. मी डायलवर वाकले.

"चाळीस."

हात हलला नाही.

"चाळीस आहे हो," मी परत म्हणाले.

हे पंप सोडून माझ्या बाजूला आले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि डायलला नाक लागेल इतके खाली वाकले. जवळचं यांना चष्म्यातूनही धूसर दिसतं, तो काटा तर कधीच दिसेनासा झालाय. तरी बराच वेळ बघत राहिले. मग पुन्हा जाऊन पंपावर हात ठेवला आणि विचारलं, "खरंच?"

"खरंच," मी म्हणाले. काटा चाळीसवरच होता. यांचा हात काही वळेना.